दातवालीचं इंजिन

दर रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना दादा शेडपाशी येत आणि दहा वाजून दहा मिनिटांनी हात पुसत बाहेर पडत. मधली दहा मिनिटं गाडी चालू असे. अकरा वर्षांत यात दोनदाच खंड पडला होता. एकदा त्यांना ताप होता आणि एकदा घड्याळ मागे पडलं होतं. तापाचं ते विसरले होते. घड्याळाची चुटपुट अजून होती.

या रविवारी बायको बरोबर आली होती. "सहज येते," म्हणाली होती. काकू सहज कधीच कुठे जात नाहीत, ही गोष्ट लग्नाला छत्तीस वर्षं होऊनही दादांच्या ध्यानात आली नव्हती. ती रिक्षातून उतरताना आली, कारण शेडचं दार सताड उघडं होतं, गाडीचं बॉनेट भिंतीला टेकून उभं होतं आणि अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून सगळं घर बसलं होतं. आपल्या घरातली एवढी माणसं सकाळी दहाच्या आत एका जागी जमली, की कुणाचं तरी लग्न असतं किंवा ऑपरेशन, हे दादांना माहीत होतं. उघड्या बॉनेटकडे बघून त्यांनी यातलं दुसरं धरलं.

"क्रेन अकराला येणार होती," धाकटा भाऊ घाईघाईनं उठत म्हणाला. "म्हणजे तुझी दहा मिनिटं झाल्यावर. पण ते लोक लवकर आले. मी त्यांना म्हटलं सुद्धा."

भाऊ शाळेत भूगोल शिकवायचा. जगातल्या सगळ्या दिशा त्याला तोंडपाठ होत्या. स्वतःची दिशा मात्र शेजारी कोण उभं आहे त्यावर ठरायची.

"कसली क्रेन?" दादांनी विचारलं.

क्रेन म्हणजे लोखंडी तिकाटणं होतं, वर कप्पी आणि कप्पीतून लोंबणारी साखळी. त्याखाली फोरमन उभे होते. चाळीस वर्षं बस डेपोत काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना म्हणून लोकांच्या गाड्यांना घरी जाऊन बघायचे. त्यांच्या मागे फळकुटावर एक काळं, बुटकं, रुंद खांद्यांचं इंजिन बसलेलं होतं. एका ठोकर खाल्लेल्या माल पोचवणाऱ्या व्हॅनमधलं. व्हॅन गेली, इंजिनाला ओरखडा नाही. डिझेल.

दादांनी त्या इंजिनाकडे मुलगी बघायला आलेल्या सासऱ्याच्या नजरेनं पाहिलं आणि पसंत नाही असं ठरवलं.

"ठमे," ते पुतणीकडे वळले, "मी गेल्या महिन्यात नाही म्हणालो होतो."

"तुम्ही 'बघू' म्हणाला होता काका."

"बघू म्हणजे नाहीच."

"ते तुमच्या छापखान्यात. आमच्याकडे बघू म्हणजे बघू."

ठमी ही भाऊची मुलगी, फिजिओथेरपिस्ट. पेशंटच्या घरी जाऊन त्यांचे गुडघे, खांदे, कंबरा हलत्या करायची. तिचं घडीचं टेबल पुरुषभर लांबीचं होतं आणि दोन बस बदलून ते खांद्यावरून नेता नेता तिची स्वतःचीच पाठ धरली होती. एक तारखेपासून तिला लांबच्या वस्त्यांची फेरी मिळणार होती, रोजची नव्वद किलोमीटर. अट एकच होती, स्वतःची गाडी हवी. आणि घरात गाडी होती. आबांची.

आबा म्हणजे दादा, आत्या आणि भाऊ या तिघा भावंडांचे वडील, फिरते दंतवैद्य. गाडीची मागची सीट काढून तिथे त्यांनी दात काढायची खुर्ची बसवली होती. दुधी रंगाची, पुढच्या जाळीला सहा उभ्या पट्ट्या असलेली ती गाडी लांबून दिसली की वाडीवस्त्यांवरची पोरं "दातवाली आली, दातवाली आली" करत पळत सुटायची. तेव्हापासून घरातही तिला दातवालीच म्हणत. आबांनंतर खुर्ची निघाली, आणि त्या जागी ठमीचं टेबल असं बसत होतं, की माप देऊन शिवल्यासारखं.

"पेट्रोलचं इंजिन आहे तेच दुरुस्त करा," दादा म्हणाले. "मूळ प्रतीला हात लावायचा नाही."

दादा छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुकांवर त्यांचं घर चाळीस वर्षं चाललं होतं. मूळ प्रत हा शब्द ते लोक देवाचं नाव घेतात तसा घ्यायचे.

"सुटे भाग मिळत नाहीत काका. मिळाले तरी ती रोज नव्वद किलोमीटर पेट्रोल पिणार. हे डिझेल निम्म्यात भागवेल. आणि कुठेही बंद पडलं तरी कुठल्याही टपरीवर दुरुस्त होईल. मला गाडी प्रदर्शनात मांडायची नाहीये, रोज कामावर न्यायचीय."

"बरोबर आहे तिचं," भाऊ म्हणाला. दादांनी त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे, तुझंही बरोबर आहे," भाऊ म्हणाला.

मग ठमीनं पिशवीतून कागद काढला. इंजिन बदलाचा अर्ज. गाडी तिघा भावंडांच्या नावावर होती, म्हणून खाली तीन सह्यांच्या जागा होत्या. दोन भरलेल्या होत्या. भाऊची सही वळणदार होती. आत्याची सही एखाद्यानं पेनाची शाई येते का बघावं तशी होती.

आत्या म्हणजे मधली बहीण. कोर्टात लघुलेखिका म्हणून उभी हयात गेली. दुसरे बोलायचे आणि ती उतरून घ्यायची, त्यामुळे स्वतः बोलायची सवयच राहिली नव्हती. आत्ताही ती खुर्चीत पाय दुमडून शब्दकोडं सोडवत होती.

"तूसुद्धा?" दादा म्हणाले.

"तीन अक्षरी, 'हट्टी'," आत्या म्हणाली. "शेवटचं अक्षर 'ल'. अडियल बसत नाही, चार होतात."

दादा खुर्चीत बसले नाहीत. उभ्यानंच बोलले, हळू आणि स्पष्ट, दुसऱ्या वाचनासारखं. "हॉस्पिटलच्या दारात आबा काय म्हणाले ते सगळ्यांना माहीत आहे. 'गाडी चालू ठेव.' माझ्याकडे बघून म्हणाले. ते त्यांचे शेवटचे शब्द आहेत. गाडी बदल म्हणाले नाहीत. विक म्हणाले नाहीत. चालू ठेव."

"मग मी तरी काय म्हणतेय? चालूच ठेवायचीय."

"चालू म्हणजे हे इंजिन चालू."

"अकरा वर्षं गाडी चालू आहे काका, आणि फाटकापर्यंत गेलेली नाही! पंखासुद्धा जागच्या जागी चालू असतो, पण तो निदान वारा तरी देतो."

काकूंना हसू आलं. एका रिक्षातून आल्यामुळे इतका वेळ त्या नवऱ्याच्या पक्षात धरल्या जात होत्या. हसता हसता त्या पक्षाबाहेर पडल्या.

"खरं सांगू का? दर रविवारी शर्टाला पेट्रोलचा वास. मी अकरा वर्षं सोडा घालून धुतेय. आणि चालू म्हणाल तर हेच चालू आहेत. दहा मिनिटांच्या नावाखाली भाजी आणायचं बरोबर चुकवतात."

"तुला कुणी विचारलं?"

"तेच तर. अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही."

दादांना एकदम एकटं वाटलं. त्यांनी फोरमनकडे पाहिलं. हा माणूस घरचा नव्हता, म्हणून आता त्याचाच आधार.

"फोरमन, तुम्ही सांगा. इंजिन चांगलं आहे ना? दर रविवारी एका झटक्यात सुरू होतं."

फोरमननी इंजिनावरचं तेलाचं टोपण फिरवून काढलं आणि उलटं करून दादांपुढे धरलं. आत पांढरट, घट्ट थर होता. उकळलेल्या दुधावर धरतो तसा.

"काय आहे हे?"

"साय," फोरमन म्हणाले. "पाणी आणि तेल. थंड इंजिन सुरू केलं की आत वाफ धरते साहेब. तास दीड तास पळवलं की इंजिन तापतं आणि वाफ निघून जाते. दहा मिनिटांत ते तापतच नाही. वाफेचं पाणी होतं, पाणी तेलात उतरतं. पुढच्या रविवारी परत तेच. आतून सगळं गंजलंय."

"म्हणजे... माझ्यामुळे?"

फोरमन खोटं बोलायला शिकले असते तर डेपोत मॅनेजर झाले असते. त्यांनी थोडा विचार केला. "तुम्ही नसता तर उंदरांनी खाल्लं असतं," ते म्हणाले. "तुम्ही जरा सावकाश खाल्लंत."

ठमीनं हातातला अर्ज पुन्हा पिशवीत घातला. "राहू द्या काका," ती म्हणाली, आणि तिनं ते मनापासून म्हटलं, ही त्यातली अडचण होती. "मी बघते दुसरं काहीतरी. फोरमनकाका, बॉनेट लावा परत."

दादा टोपणावरच्या सायीकडे बघत राहिले. अकरा वर्षं. वर्षाचे बावन्न रविवार. उणे दोन. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून एक चूक छापली गेली होती, एका लग्नपत्रिकेत 'शुभाशीर्वाद' मधला एक काना गळला होता, आणि ते आठवडाभर जेवले नव्हते. आणि इथे ते दर रविवारी वेळेवर येऊन, हात धुऊन, ही चूक छापत होते.

"ताई," भाऊ अचानक म्हणाला. कुठल्याच बाजूला उभं कुणी नव्हतं म्हणून असेल, पण हा त्याचा स्वतःचा विचार होता. "तू होतीस ना त्या दिवशी गाडीत?"

"होते," आत्या म्हणाली. "मागे. सीट नव्हती म्हणून दात काढायच्या खुर्चीत बसून गेले. बाप अत्यवस्थ आणि मी प्रत्येक वळणाला आ वासून."

"मग आबा नक्की काय म्हणाले?"

आत्यानं पेन्सिल कोड्यात ठेवून वही मिटली. दादा म्हणाले, "नको गं." पण आत्याला साक्षीदाराच्या 'नको'चा चांगलाच अनुभव होता.

"गाडी दारात लागली. आबा उतरले. डावा हात छातीवर. उजव्या हातानं दार लोटलं, नीट लागलं नाही म्हणून परत लोटलं. मग खिडकीत वाकून दादाला म्हणाले, 'गाडी चालू ठेव, आत्ता येतो.'"

लोंबती साखळी वाऱ्यानं जराशी वाजली.

"आत्ता येतो?" ठमी म्हणाली.

"दर पेशंटच्या दारात हेच म्हणायचे. सेल्फ धड नव्हता ना तिचा तेव्हा. बंद केली की ढकलायला चार माणसं लागायची, आणि दात दुखणाऱ्या घरात चार माणसं ढकलायला कुठून आणणार? म्हणून म्हणायचे, चालू ठेव, आत्ता येतो. सवयीनं तिथेही म्हणाले. आपण आत जाऊन पंधरा मिनिटांत औषध घेऊन परत येणार, असंच त्यांना वाटत होतं."

भाऊनं चष्मा काढला. "म्हणजे अकरा वर्षं आपण सेल्फच्या तक्रारीला..."

"मृत्युपत्र समजत होतो," ठमी हळूच म्हणाली.

सगळे दादांकडे बघत होते. एका मुद्रितशोधकानं वडिलांच्या शेवटच्या वाक्याचा अर्धा भाग गाळला होता, आणि कुणाला ते सापडलं नव्हतं. दादांनी टोपण फोरमनच्या हातात परत दिलं, खिशातून रुमाल काढून एकेक बोट पुसलं.

"पुढचं मला माहीत होतं," ते म्हणाले.

"ठाऊक आहे," आत्या म्हणाली. मग इतरांकडे वळून, कोर्टात वाचून दाखवतात त्याच आवाजात, "हा साडेतीन तास त्या दारात बसला होता. गाडी चालू. रखवालदार येऊन ओरडून गेला. मी स्वतः येऊन याला सांगितलं, आबा गेले, आत चल. हा म्हणाला, गाडी चालू आहे. शेवटी पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडली, तेव्हा खाली उतरला."

काकूंनी हे ऐकलेलं नव्हतं. छत्तीस वर्षांत ऐकलेलं नव्हतं असं काही या माणसाकडे असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. त्या उठल्या, आपली खुर्ची उचलली आणि नवऱ्याच्या मागे नेऊन ठेवली. दादा बसले.

"मी बंद केली नव्हती," दादा म्हणाले.

"नाही," आत्या म्हणाली. "तू नाही केलीस. तशी नोंद आहे."

मग दादा म्हणाले, "चष्मा द्या."

कुणाला कळेना. काकूंना कळलं. त्यांनी पर्समधून चष्म्याची डबी काढली आणि ठमीच्या पिशवीकडे बोट केलं.

दादांनी अर्ज मांडीवर घेतला आणि सुरुवातीपासून वाचला, अर्ज वाचत नाहीत तसा, सगळा. दोन ठिकाणी 'इंजीन'चं 'इंजिन' केलं. एका पूर्णविरामाला त्याची जागा दिली. 'बदलाचे कारण' या रकान्यापाशी ते थांबले. तिथे ठमीनं लिहिलं होतं, 'जुने इंजिन निकामी.' दादांनी त्यावर एक आडवी रेघ मारली, रकान्याच्या कडेला तीच ती बारीक, ठसठशीत अक्षरं काढली आणि खाली सही केली.

ठमीनं वाचलं. 'गाडी चालू ठेवण्यासाठी.'

"कागद बाद करतील काका, खाडाखोड आहे म्हणून."

"ही खाडाखोड नाही. दुरुस्ती आहे." दादा उठले. "फोरमन, काढायच्या आधी एकदा सुरू करतो. शेवटचं."

फोरमननी डोकं खाजवलं. "बॅटरी सकाळीच काढलीय साहेब."

अशा रीतीनं निरोपाचा कार्यक्रम बॅटरीअभावी रद्द झाला. खरं सांगायचं तर दादांना बरंच वाटलं.

साखळी ताणली, कप्पी करकरली आणि इंजिन आपल्या जागेवरून हललं, थोडं अडलं, फोरमननी पहारीनं हलकेच डिवचलं आणि ते झुलत वर आलं. खाली काळी, रिकामी खोबण. दादा बाजूला हात पुढे धरून उभे होते, पडलंच तर झेलायला.

"आबा असते तर आधी बधिर केलं असतं," आत्या म्हणाली. आणि वही उघडत, "मुळात हे कोडंच चुकलंय. हट्टीला तीन अक्षरी शब्दच नाही 'ल' वर. उगाच मी कुणाला तरी नावं ठेवली."

नवं इंजिन बसायला पुढचे चार रविवार लागले. डिझेल जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पट्ट्या वाढवाव्या लागल्या. नव्या इंजिनाची आणि जुन्या गिअरबॉक्सची तोंडं जुळेनात, म्हणून फोरमननी मधे जाड लोखंडी तबकडी कातून घातली. बॉनेट दोन बोटं उंच राहिलं, त्यासाठी ठोकून ठोकून त्याला पोक आणावं लागलं. दादा दर रविवारी दहाला पाच कमी असताना हजर. त्यांची दहा मिनिटं आता जेवणापर्यंत लांबायची. वायरींचा गुंता त्यांना बघवला नाही. त्यांनी प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी बांधली आणि तिच्यावर ती वायर कुठून कुठे जाते ते लिहिलं. फोरमन म्हणाले, एवढी शुद्ध वायरिंग डेपोत असती तर निम्म्या बस सुटल्या असत्या.

तीस तारखेला गाडी फाटकाबाहेर पडली. आवाज म्हणाल तर पिठाची गिरणी रस्त्याला लागावी तसा. पण पळत होती. ठमी चालवत होती, मागे टेबल होतं आणि शेजारी दादा. पहिल्या फेरीला ते का आले, तर "चिठ्ठ्या सुटतात की काय बघायला." निघताना पंपावर त्यांनी टाकी काठोकाठ भरून घेतली.

"एवढी कशाला काका? वीस किलोमीटर तर जायचंय."

"असू दे."

एका बैठ्या घरापुढे ठमीनं गाडी उभी केली. एका शिंपिणीच्या गुडघ्याचं काम होतं. पट्टा द्यायचा आणि एक व्यायाम करवून घ्यायचा, एवढंच. ठमी उतरली, पट्टा घेतला, दार लोटलं. नीट लागलं नाही म्हणून परत लोटलं. मग खिडकीत वाकली.

"काका, डायनामोचा पट्टा सैल आहे, बॅटरी भरत नाहीये. बंद केली तर सुरू व्हायची नाही. तुम्ही इकडे बसा आणि चालू ठेवा हं. आत्ता येते."

आणि ती आत गेली. आपण काय म्हणालो ते तिच्या गावीही नव्हतं.

दादा सरकून स्टिअरिंगमागे बसले. या इंजिनाला बंद करायला किल्ली चालत नाही, एक दट्ट्या ओढावा लागतो, हे फोरमननी शिकवलं होतं. दादांनी त्या दट्ट्यापासून हात लांब, मांडीवर ठेवले. सगळी गाडी थरथरत होती. आरसा थरथरत होता, चिठ्ठ्या थरथरत होत्या. समोर निळं दार होतं, बंद. त्यावरची पितळी कडी चकचकीत होती. त्यांनी काट्याकडे पाहिलं. टाकी भरलेली होती.

शेजारच्या घरातून एक माणूस बाहेर आला. "अहो आजोबा, जरा बंद करा की. कान फुटायची वेळ आली."

"नाही करता येणार," दादा नम्रपणे म्हणाले. "येतेच म्हणालीय ती."

दहा मिनिटं झाली. दर रविवारी दहा मिनिटांनी हात आपोआप किल्लीकडे जायचा, तसा तो आत्ताही उठला, आणि दादांनी त्याला परत मांडीवर बसवलं. बारा. पंधरा. तापमानाचा काटा केव्हाच मधोमध येऊन टेकला होता. इंजिन तापलं होतं.

सतरा मिनिटांनी निळं दार उघडलं आणि ठमी बाहेर आली. हातात शिंपिणीनं दिलेली कसलीशी पिशवी, चप्पल अर्धी पायात, मागे वळून आत काहीतरी ओरडत. धावत येऊन तिनं दार उघडलं.

"सरका काका. कंटाळलात?"

दादा सरकले नाहीत. तिच्याकडे बघत राहिले, प्रूफ हातावेगळं करण्याआधी एकदा पुरं बघून घेतात तसे.

"आलीस?"

"मग? आत्ता येते म्हटलं होतं ना!"

"हो," दादा म्हणाले आणि पलीकडे सरकले. "या खेपेला मी काही गाळलं नाही."